स्कॉट वॉकर यांचे दहा आठवडे: पहिलं मत पडायच्या आधीच संपलेली उमेदवारी

१३ जुलै २०१५, सोमवार: विस्कॉन्सिनचे गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी वॉकेशॉ इथे रिपब्लिकन पक्षाकडून अध्यक्षपदासाठी इच्छुक असल्याचं जाहीर केलं. २१ सप्टेंबर २०१५, हाही सोमवारच: मॅडिसनच्या एजवॉटर हॉटेलात पत्रकारांना बोलावून त्यांनी माघार घेतली. मोजून दहा आठवडे. पहिलं कॉकस (उमेदवार निवडायची पक्षसमर्थकांची सभा) आयोवात १ फेब्रुवारी २०१६ ला होणार होतं, त्यामुळे एकाही मतदाराला त्यांना नाकारायची संधीसुद्धा मिळाली नाही.

याचं सोपं उत्तर सगळ्यांकडे तयार असतं: ट्रम्प आले आणि बाकीचे वाहून गेले. पण त्या वर्षी सतरा जण रिंगणात होते, ट्रम्प सगळ्यांच्याच वाट्याला आले होते, आणि ज्यांची चाचण्यांतली टक्केवारी वॉकर यांच्याइतकीच केविलवाणी होती असे कितीतरी जण फेब्रुवारीपर्यंत टिकले. वॉकर गेले ते पगारपत्रकापायी. आणि गंमत म्हणजे ते गेले तेव्हा त्यांच्याच नावाने जमवलेले कोट्यवधी डॉलर दुसऱ्या एका खात्यात पडून होते. त्यातल्या एका डॉलरनेही कचेरीचं भाडं भरता येत नव्हतं. हे कसं होतं ते नीट पाहण्यासारखं आहे, कारण अमेरिकेतल्या बहुतेक अल्पायुषी उमेदवाऱ्यांची कुंडली साधारण अशीच असते.

आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. इच्छुकाने दिल्लीच्या वाऱ्या करायच्या, यादीत नाव येतंय का पाहायचं, नाही आलं तर बंडखोरी करायची. अमेरिकेत तिकीट देणारा कोणी नसतो. ते एकेका राज्यात जाऊन प्रायमरी (उमेदवार निवडायचं मतदान) किंवा कॉकसमधून मिळवावं लागतं, आणि त्यासाठी दीड वर्ष आधी एक अख्खी कंपनी उभी करावी लागते: कर्मचारी, वकील, हिशेबनीस, प्रवास, मतदारांची माहिती, जाहिराती. ही कंपनी विकते काय? उमेदवार जिंकेल ही आशा. तिचा भाव दर आठवड्याच्या जनमत चाचणीवर ठरतो.

वॉकर यांचा भाव सुरुवातीला चढा होता आणि त्याला कारण होतं. २०११ च्या जानेवारीत गव्हर्नर झाल्यावर काही आठवड्यांतच त्यांनी ‘ॲक्ट १०’ आणला. पोलीस आणि अग्निशमन दल वगळता बहुतेक सरकारी कर्मचाऱ्यांचे सामूहिक वाटाघाटीचे हक्क या कायद्याने जवळपास मोडीत काढले. मॅडिसनच्या विधानभवनाला आंदोलकांनी वेढा घातला, आणि जून २०१२ मध्ये वॉकर यांना परत बोलावण्यासाठी निवडणूक झाली. ती ते जिंकले. अशा निवडणुकीत तरलेले ते अमेरिकेतले पहिले गव्हर्नर. २०१४ मध्ये पुन्हा निवडून आले. ज्या राज्याने १९८४ नंतर कधी रिपब्लिकन अध्यक्षाला कौल दिला नव्हता, तिथे चार वर्षांत तीन विजय, तिन्ही वेळा ५२-५३ टक्के मतं. पक्षातल्या देणगीदारांना याहून चांगली जाहिरात कोणती हवी होती?

त्यात २४ जानेवारी २०१५ ला डी मॉइनमध्ये आयोवातल्या कट्टर कार्यकर्त्यांसमोर त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडून, व्यासपीठावर फिरत भाषण केलं. बाप्टिस्ट धर्मोपदेशकाचा मुलगा, पदवी अर्धवट सोडलेला, कोहल्सच्या दुकानात कुपनं लावून कपडे घेणारा साधा माणूस, असं स्वतःचं चित्र त्यांनी उभं केलं. आठवडाभरात ‘डी मॉइन रजिस्टर’ या वर्तमानपत्राची जनमत चाचणी आली: वॉकर १५ टक्के, रँड पॉल १४. एवढीशी आघाडी, पण वर्तमानपत्रांनी त्यांना आघाडीचा उमेदवार ठरवून टाकलं. पुढे फेब्रुवारीत क्विनिपिॲक विद्यापीठाच्या चाचणीत ते आयोवात २५ टक्क्यांवर गेले.

माझ्या मते त्यांचं नुकसान इथेच सुरू झालं. सहा महिने आधी पहिला नंबर आला की खर्चाचं माप त्या नंबराच्या हिशेबाने ठरतं.

आता पैशाचं. अमेरिकेत केंद्रीय निवडणुकीत पैसा दोन कप्प्यांत येतो आणि दोन्हींमध्ये कायद्याची भिंत असते. पहिला कप्पा उमेदवाराच्या स्वतःच्या समितीचा. २०१५-१६ मध्ये एका व्यक्तीला एका निवडणुकीसाठी जास्तीत जास्त २,७०० डॉलर देता येत होते. प्रायमरी आणि मुख्य निवडणूक वेगळ्या धरल्या जातात, म्हणून एका देणगीदाराकडून ५,४०० घेता येत होते. मात्र मुख्य निवडणुकीसाठी घेतलेल्या अर्ध्या रकमेला प्रायमरीत हात लावायचा नाही आणि तिकीट न मिळाल्यास ती परत करायची. कंपन्यांकडून पैसे घ्यायला बंदी. पगार, भाडं, विमानं, वकील, अर्जाच्या फिया हे सगळं या कप्प्यातून जातं.

दुसरा कप्पा सुपर पॅकचा, म्हणजे उमेदवारापासून वेगळ्या असलेल्या समर्थक निधीगटाचा. २०१० मधल्या न्यायालयीन निकालांनंतर तो उघडला. तिथे देणगीला मर्यादा नाही, कंपनीही देऊ शकते. मुख्य अट ही: खर्चाबाबत उमेदवाराशी किंवा त्याच्या माणसांशी संगनमत करायचं नाही. वॉकर यांच्यासाठी ‘अनइन्टिमिडेटेड पॅक’ स्थापन झाला आणि २०१५ च्या जूनअखेर त्याने सुमारे २ कोटी डॉलर जमवले. बेलॉइटच्या उद्योजिका डायॲन हेंड्रिक्स यांनी एकट्यांनी ५० लाख दिले होते. त्यांचीच देणगी वॉकर यांच्या समितीत आली असती तर प्रायमरीसाठी २,७०० डॉलरांवर थांबली असती.

म्हणून उमेदवारी जाहीर करायला बरेच इच्छुक उशीर करतात. एकदा माणूस कायद्याने ‘उमेदवार’ झाला, म्हणजे त्यासाठी ५,००० डॉलरांहून जास्त जमवले किंवा खर्चले, की पंधरा दिवसांत फेडरल इलेक्शन कमिशनकडे (केंद्रीय निवडणूक आयोगाकडे) कागद द्यावे लागतात आणि अमर्याद देणग्या स्वतः मागता येत नाहीत. त्याआधी मात्र रान मोकळं. वॉकर यांनी जानेवारीत ‘अवर अमेरिकन रिव्हायव्हल’ नावाची संस्था काढली. तिला देणगीची मर्यादा लागू नव्हती, त्यामुळे सहा महिने प्रवास आणि पगार तिथून सहज निघत होते. राज्याच्या अंदाजपत्रकावर सही व्हायची आहे, हे जाहीर कारण होतं, आणि ते खोटंही नव्हतं: सही झाली १२ जुलैला, घोषणा दुसऱ्या दिवशी. पण या सहा महिन्यांत यंत्रणेला मोठ्या धनादेशांची सवय लागली, आणि १३ जुलैनंतर तेच लोक, त्याच पगारांवर, २,७०० डॉलरांच्या देणग्यांवर जगायला लागले.

इथे आकडे मांडूनच पाहावेत. प्रचारात नव्वदच्या आसपास माणसं होती. समजा, एकाचा सरासरी पगार महिन्याला ६,००० डॉलर धरला (हा माझा अंदाज, पण अवाजवी नाही), तर नुसते पगार महिन्याला ५ लाख ४० हजार. त्यासाठी दर महिन्याला पूर्ण २,७०० देणारे दोनशे नवे देणगीदार लागतात. ‘नवे’ हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण ज्याने मर्यादेइतकं दिलं त्याच्याकडे प्रायमरी संपेपर्यंत पुन्हा जाता येत नाही. मोठ्या देणगीदारांची यादी म्हणजे एकदाच पिळायचं लिंबू. पन्नास-पन्नास डॉलरवाल्यांकडून हाच पगार काढायचा म्हटलं तर महिन्याला १०,८०० माणसं हवीत. आणि यात विमानभाडं नाही, सभागृहं नाहीत, मतदारयाद्या नाहीत, वकील नाहीत.

छोटे देणगीदार मिळवायलाही पैसा लागतो हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. ईमेल पत्त्यांच्या याद्या भाड्याने घ्याव्या लागतात, टपालाने पत्रं पाठवायची तर छपाई आणि टपालखर्च आधी. नव्या लोकांना पाठवलेली पहिली फेरी बहुधा तोट्यातच जाते. पहिल्यांदा दिलेल्या माणसाकडे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मागितलं की मग कुठे नफा सुरू होतो, आणि तोवर महिने जातात. जुलै-सप्टेंबरच्या तिमाहीत दुसरे एक इच्छुक बेन कार्सन यांनी २ कोटी ८ लाख डॉलर जमवून सगळ्यांना चकित केलं, पण त्यातले १ कोटी ४० लाखांच्या आसपास त्याच तिमाहीत खर्चूनही टाकले, आणि त्यातला मोठा वाटा आणखी देणग्या गोळा करण्यावरच गेला होता. कार्सन यांना निदान भक्त होते. वॉकर यांचा छोटा देणगीदार २०१२ च्या परत-बोलावणीच्या वेळचा होता, तेव्हा देशभरातून त्यांना मदत आली होती. ती नावं याद्यांत होती, पण तेव्हाचा राग आता शिळा झाला होता, आणि रागावलेल्या माणसाला आता ट्रम्प मिळाले होते.

आणखी एक अडचण होती, तिच्याबद्दल कमी लिहिलं गेलं. वॉकर पदावरचे गव्हर्नर होते. २०१० पासून शेअर बाजार नियामकांचा एक नियम आहे: ज्या राज्य पदाधिकाऱ्याचा सरकारी निवृत्तिवेतन निधी कोण सांभाळणार यावर प्रभाव पडू शकतो, त्याला गुंतवणूक सल्लागार कंपनीच्या वरिष्ठांनी नाममात्र रकमेहून जास्त देणगी दिली, तर त्या कंपनीला दोन वर्षं त्या निधीकडून शुल्क घेता येत नाही. नाममात्र म्हणजे किती? स्वतः त्या पदासाठी मतदान करू शकत असाल तर ३५० डॉलर, नसाल तर १५०. विस्कॉन्सिनच्या गुंतवणूक मंडळावर गव्हर्नर सदस्य नेमतात, त्यामुळे वॉकर यात सापडत होते. जेब बुश माजी गव्हर्नर, टेड क्रूझ आणि मार्को रुबिओ सिनेटर, त्यांना ही कटकट नव्हती. वॉल स्ट्रीटवरच्या कंपन्यांचे वकील अशा वेळी सरळ ‘देऊ नका’ म्हणतात.

स्वतःचा पैसा असता तर गोष्ट वेगळी होती. उमेदवाराने स्वतःच्या प्रचारावर किती खर्च करावा याला मर्यादा घालता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच ठरवून टाकलंय. मराठी वाचकांना यातलं एक नाव ओळखीचं आहे: चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत त्यांनी स्वतःचे सुमारे एक कोटी डॉलर घातले आणि तिसरे आले. पैसा स्वतःचा होता म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत उभे मात्र राहता आलं. वॉकर यांच्याकडे असं काही नव्हतं. त्यांच्या मालमत्तेच्या विवरणात क्रेडिट कार्डाची थकबाकी दिसत होती.

मग आली ६ ऑगस्टची क्लीव्हलंडची पहिली वादफेरी. यजमान वाहिनीने नियम केला: राष्ट्रीय पातळीवरच्या पाच चाचण्यांच्या सरासरीत पहिले दहा मुख्य मंचावर, बाकीचे संध्याकाळच्या रिकाम्या सभागृहात. या एका नियमाने आयोवावर लक्ष केंद्रित करायची जुनी रीत उलटी झाली. आयोवात ९९ काउंट्या आहेत, त्या सगळ्या पालथ्या घालायच्या, दोनशे-चारशे लोकांच्या सभा घ्यायच्या, हळूहळू घट्ट होत जायचं. वॉकर यांचा बेत हाच होता, भाड्याच्या विनेबॅगो गाडीतून त्यांनी फिरायला सुरुवातही केली होती. पण मंचावरची जागा आता ठरत होती देशभरच्या मतदारांच्या उत्तरांवर, आणि तो मतदार टीव्हीवर ट्रम्प पाहत होता. शेजारच्या मिनेसोटाचे माजी गव्हर्नर टिम पॉलेंटी चार वर्षांपूर्वी आयोवात सगळं पणाला लावून ऑगस्टमध्येच बाद झाले होते: आयोवातल्या एम्स गावच्या नमुना मतदानात तिसरे आले आणि दुसऱ्या दिवशी घरी गेले. तो धडा समोर होता. पक्षाने २०१५ मध्ये ते नमुना मतदानच रद्द केलं, तरी चाळणी मात्र गेली नाही. ती एम्सहून टीव्हीच्या स्टुडिओत गेली.

पहिल्या फेरीत वॉकर यांनी घोटवलेली उत्तरं दिली आणि वेळेत संपवली. चूक एकही नाही, लक्षात राहील असंही काही नाही. खरी पडझड त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत झाली. अमेरिकेत जन्मलेल्या प्रत्येकाला आपोआप नागरिकत्व मिळावं की नाही, या प्रश्नावर त्यांनी सात दिवसांत तीन भूमिका घेतल्या. १७ ऑगस्टला आयोवात ते बंद करावं अशा अर्थाचं बोलले, आठवडा सरता सरता म्हणाले की यावर मी भूमिका घेत नाही, आणि २३ तारखेला राज्यघटनेतली, हे नागरिकत्व देणारी चौदावी दुरुस्ती बदलायची नाही असं सांगितलं. ३० ऑगस्टला कॅनडाच्या सीमेवर भिंत बांधायचा विषय निघाला, तर तोही विचार करण्याजोगा आहे म्हणाले, आणि नंतर तसं म्हणायचं नव्हतं अशी सारवासारव.

हे मुद्दे वाचताना क्षुल्लक वाटतात. पण वॉकर यांचा मालच मुळी ‘हा माणूस एक लाख आंदोलकांपुढे हलला नाही’ हा होता. हटवादीपणा विकणाऱ्याने डळमळलं की देणगीदार फोन उचलत नाही. मार्चमध्येच पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायच्या सक्तीवर त्यांनी आयोवाच्या मक्याच्या शेतकऱ्यांपुढे जुनी भूमिका सोडली होती, त्याचीही आता उजळणी होऊ लागली. ऑगस्टअखेरच्या रजिस्टर चाचणीत आयोवातला आकडा ८ वर आला. ट्रम्प २३, कार्सन १८.

इथे माणसांची मांडणीही नडली, असं मला ठामपणे वाटतं. २०१० ची निवडणूक चालवणारे कीथ गिल्क्स आणि २०१४ ची चालवणारे स्टीफन थॉम्पसन, म्हणजे वॉकर यांना आतून-बाहेरून ओळखणारे दोघे, सुपर पॅक चालवायला गेले. देणगीदारांना ओळखीचा चेहरा तिथे हवा असतो, म्हणून बरेच उमेदवार असं करतात. पण मग कायद्याने त्यांनी उमेदवाराशी डावपेचांबद्दल बोलायचं नाही. प्रचारातून सुपर पॅकमध्ये उडी मारायची तरी १२० दिवसांची आडकाठी असते. त्यामुळे ‘गव्हर्नर, हे बोलू नका’ असं तोंडावर सांगू शकणारी माणसं नेमकी भिंतीपलीकडे, आणि वॉकर यांच्या शेजारी रिक वायली यांच्यासारखे राष्ट्रीय पातळीवरचे अनुभवी पण नवे व्यवस्थापक. वायलींनी अध्यक्षपदाच्या प्रचाराला शोभेल अशी यंत्रणा उभी केली. ती पुढे मोठी होत गेली आणि जमा आटत गेली.

मग सुपर पॅकने वाचवावं ना? तो जाहिराती देऊ शकतो, पत्रकं वाटू शकतो. त्या वर्षी कार्ली फिओरिना यांच्या पॅकने जमिनीवरची कार्यकर्त्यांची फळीसुद्धा उभारली आणि बॉबी जिंदाल यांच्या पॅकने आयोवात सभा भरवल्या, उमेदवार ‘पाहुणा’ म्हणून यायचा. पण उमेदवाराच्या कर्मचाऱ्याचा पगार, त्याचं तिकीट, त्याच्या नावाचा अर्ज हे पॅकला करता येत नाही. जाहिरातीतही एक मेख आहे. प्रायमरीच्या आधीचे ४५ दिवस टीव्ही केंद्रांना उमेदवाराकडून सर्वांत कमी दर घ्यावा लागतो, सुपर पॅकला ही सवलत नाही, तो बाजारभावाने, गर्दीच्या काळात कित्येक पट देतो. म्हणजे पॅकमधला एक डॉलर समितीतल्या डॉलराच्या बरोबरीचा कधीच नसतो. टेक्ससचे रिक पेरी यांनी हे दहा दिवस आधीच दाखवून दिलं होतं: त्यांच्या समर्थक पॅकांकडे सुमारे १ कोटी ७० लाख जमलेले, आणि प्रचार समितीने ऑगस्टमध्येच कर्मचाऱ्यांचे पगार थांबवलेले. ११ सप्टेंबरला पेरी बाहेर पडले.

१६ सप्टेंबरला सिमी व्हॅलीच्या रेगन ग्रंथालयात दुसरी वादफेरी झाली. मंचावर अकरा जण, जवळपास तीन तास, आणि वॉकर यांच्या वाट्याला जेमतेम साडेआठ मिनिटं. सगळ्यांत कमी. अशा वेळी मध्ये घुसायचं असतं, दुसऱ्याच्या उत्तरात आपलं नाव येईल असं काही बोलायचं असतं म्हणजे प्रत्युत्तराची संधी मिळते. ते त्यांना जमलं नाही. त्यानंतर मिशिगन आणि कॅलिफोर्नियाचे कार्यक्रम रद्द झाले, आता फक्त आयोवा असं ठरलं. २० तारखेला सीएनएनची चाचणी आली. त्यात वॉकर अर्ध्या टक्क्याहूनही खाली होते.

आता काय करता आलं असतं? एक रस्ता २००७ मध्ये जॉन मॅकेन यांनी घेतला होता. त्या जुलैत त्यांचा प्रचार असाच बुडीत निघाला. व्यवस्थापक आणि मुख्य सल्लागार गेले, शंभराहून अधिक कर्मचाऱ्यांतले निम्म्याहून जास्त काढले, मॅकेन न्यू हॅम्पशरमध्ये लहान-लहान सभा घेत फिरले, हिवाळ्यात बँकेकडून कर्ज काढलं, आणि २००८ चं तिकीट त्यांनाच मिळालं. पण मॅकेन यांचं नाव देशाला आधीपासून माहीत होतं. २००० साली ते न्यू हॅम्पशर जिंकले होते, तिथला मतदार त्यांना घरचा मानत होता. वॉकर यांची सारी कमाई ‘हा जिंकणारा आहे’ या समजुतीवर होती आणि कपातीची बातमी आली की आधी तीच समजूत जाते. जेब बुश यांनी महिन्याभराने पगारखर्च ४० टक्क्यांनी कापला. फेब्रुवारीपर्यंत तग धरला, पण वर काही आले नाहीत.

जॉन केसिक यांचा मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो. तेही पदावरचे गव्हर्नर, त्यांनाही तोच १५० डॉलरांचा नियम, घोषणाही वॉकर यांच्यानंतर आठवड्याने. पण यंत्रणा छोटी ठेवली, न्यू हॅम्पशरवर जोर दिला, तिथे दुसरे आले आणि मे २०१६ पर्यंत टिकले. वॉकर यांनी चाळीस माणसांनी सुरुवात केली असती तर काय झालं असतं हे सांगता येत नाही, पण सप्टेंबरात पगारासाठी जायची वेळ तरी आली नसती.

माघारीच्या तारखेमागेही हिशेब असणार. ३० सप्टेंबरला दोन गोष्टी एकदम येत होत्या. एक, साउथ कॅरोलायनाचा प्रायमरी अर्ज, फी ४०,००० डॉलर. इतर राज्यांत सह्या गोळा करायच्या. व्हर्जिनियात ५,००० मतदारांच्या, त्यातही प्रत्येक मतदारसंघातून किमान २००. २०१२ मध्ये न्यूट गिंग्रिच आणि पेरी यांना याच राज्यात सह्या पुरवता आल्या नव्हत्या आणि मतपत्रिकेवर नावच आलं नव्हतं. ही कामं पगारी माणसांशिवाय होत नाहीत. दोन, तिमाही संपत होती आणि १५ ऑक्टोबरला सगळ्या जगाला हिशेब दिसणार होता. तो पुढे दिसलाच: जमा सुमारे ७४ लाख डॉलर, खर्च ६४ लाखांच्या आसपास, म्हणजे उमेदवारीच्या सत्तर दिवसांत दिवसाला नव्वद हजारांच्या आसपास. वरवर दहा लाख शिल्लक. पण बिलं मागाहून येत राहिली आणि वर्षअखेर समिती दहा लाख डॉलरांच्या घरात देणेकरी झाली. राजकीय प्रचाराचा ताळेबंद वाचताना शिल्लक रकमेआधी देणी वाचावीत, ती याचसाठी.

एजवॉटर हॉटेलातलं निवेदन छोटं होतं. वॉकर म्हणाले की गर्दी कमी करून मैदान मोकळं करणं हेही नेतृत्वच आहे, आणि इतरांनीही बाजूला व्हावं म्हणजे आघाडीवरच्या उमेदवाराला सकारात्मक पर्याय उभा राहील. ट्रम्प यांचं नाव घेतलं नाही. कोणी ऐकलंही नाही. पुढच्या दोन महिन्यांत एकच जण गळला.

माघारीला तिकडे ‘प्रचार स्थगित करणं’ म्हणतात. निवडणूक आयोगाच्या नियमांत या शब्दाला वेगळी व्याख्या नाही, पण तो सोयीचा आहे, कारण समिती चालूच ठेवावी लागते. देणी फिटेपर्यंत ती बंद करता येत नाही. फेडण्यासाठी देणग्या मागता येतात, पण त्याही प्रायमरीच्या त्याच २,७०० च्या मर्यादेत मोजल्या जातात, म्हणजे ज्यांनी सगळं दिलं त्यांचा उपयोग नाही. छापखान्याने किंवा सल्लागाराने ‘जाऊ द्या, माफ’ म्हटलं तरी ते सरळ चालत नाही. वसुलीचा खरा प्रयत्न केल्याशिवाय माफ केलेलं बिल बेकायदा देणगी ठरू शकतं, आणि तडजोड करायची तर आयोगाकडे तसा आराखडा द्यावा लागतो. अशा समितीकडे विकण्याजोगी एकच वस्तू उरते: देणगीदारांच्या ईमेलची यादी. वॉकर यांची यादी इतर उमेदवारांना आणि संस्थांना भाड्याने दिली गेली आणि त्या भाड्यातून देणी कमी होत गेली. दुसरीकडे सुपर पॅकने उरलेल्या कोट्यवधींतला बराच भाग देणगीदारांना परत पाठवला.

मार्चअखेर वॉकर यांनी क्रूझ यांना पाठिंबा दिला. ५ एप्रिल २०१६ च्या विस्कॉन्सिन प्रायमरीत क्रूझ यांना ४८ टक्के, ट्रम्प यांना ३५. क्रूझ यांच्यासाठी तिथे फिरलेली फळी बऱ्याच अंशी वॉकर यांच्या राज्यातल्या निवडणुकांत तयार झालेली होती आणि तिला पगारपत्रकाची गरज नव्हती.